अमिनो आम्लाची कूस बदलणारे विकर

कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकरी बंधूंनी खाद्यपूरकाच्या पिशवीवरील घटकांची यादी बारकाईने वाचली असेल, तर एक गोष्ट त्यांच्या नजरेस आली असेल. लायसिनच्या नावाआधी 'एल' हे एकच अक्षर छापलेले असते. मिथिओनिनच्या नावाआधी मात्र बहुधा 'डीएल' अशी दोन अक्षरे असतात. ही कंपनीची खूण नव्हे, की प्रतवारीही नव्हे. या अक्षरांचा संबंध अमिनो आम्लाच्या डाव्या-उजव्या ठेवणीशी आहे. गोठ्यात कासदाहावर दिली जाणारी पेनिसिलीनची नळी, काळपुळीने मेलेल्या जनावराचे कातडे न काढण्याचा सल्ला आणि दुकानात मिळणारी 'अमिनो आम्ल'युक्त फवारणीची बाटली, या सर्वांपर्यंत हा धागा पोहोचतो. या धाग्याच्या मध्यावर जिवाणूंचे एक छोटेसे विकर आहे. त्याचे नाव ॲलॅनिन रॅसिमेज.

डावे आणि उजवे

प्रथिने ही अमिनो आम्लांच्या माळा आहेत, हे आपण जाणताच. या माळेत वीस प्रकारचे मणी येतात. त्यांपैकी ग्लायसिन हा एक सोडल्यास बाकी एकोणीस मणी दोन रूपांत असू शकतात. डाव्या पायाची चप्पल आरशासमोर धरली तर आरशात उजव्या पायाची दिसते. दोन्हींचे चामडे तेच, टाके तितकेच, वजनही सारखे. तरीही एकीच्या जागी दुसरी चालत नाही. अमिनो आम्लाचे तसेच आहे. मधल्या कार्बन अणूला चार हात असतात व त्या चारही हातांना चार वेगवेगळी गोष्ट धरलेली असते. ही मांडणी दोन प्रकारे होऊ शकते आणि एक मांडणी म्हणजे दुसरीची आरशातील प्रतिमा असते. एका रूपास 'एल' म्हणजे डावे व दुसऱ्यास 'डी' म्हणजे उजवे म्हणतात.

सजीवांनी प्रथिने बनविण्यासाठी डावे रूप पत्करले आहे. ज्वारीच्या दाण्यातील प्रथिन घ्या, गाईच्या दुधातील घ्या किंवा बोंडअळीच्या अंगातील घ्या. माळ ओवताना मणी डावेच वापरलेले असतात. प्रयोगशाळेत रसायनांपासून अमिनो आम्ल तयार केले तर मात्र डावे व उजवे निम्मे निम्मे तयार होते, कारण रसायनांना डाव्या-उजव्याची पारख नसते. असे निम्मे-निम्मे मिश्रण म्हणजे 'डीएल'.

हा भेद प्रथम ध्यानात आला तो द्राक्षामुळे. मद्याच्या पिंपांत साचणाऱ्या खड्यांत टार्टारिक आम्ल असते. त्याच्यासारखेच, पण प्रकाशावर वेगळा परिणाम करणारे दुसरे एक आम्ल त्या काळी सापडले होते. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ साली त्याच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांत दोन प्रकारचे स्फटिक मिसळलेले दिसले. दोन्ही एकमेकांची आरशातील प्रतिमा होते. पाश्चरने ते चिमट्याने एकेक वेचून वेगळे केले. या मिश्र आम्लाला 'रॅसिमिक' आम्ल म्हणत. लॅटिन भाषेत 'रॅसिमस' म्हणजे द्राक्षाचा घड. पुढे कोणत्याही निम्म्या-निम्म्या मिश्रणाला रॅसिमिक म्हणू लागले आणि असे मिश्रण घडवून आणणाऱ्या विकराला रॅसिमेज हे नाव मिळाले. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांनी हे नाव परके मानण्याचे कारण नाही. ते त्यांच्या मांडवाखालूनच गेलेले आहे.

जिवाणूंना उजवे कशाला लागते?

प्रथिने डाव्या मण्यांची असतील, तर उजव्या ॲलॅनिनची गरज कोणाला? ती जिवाणूंना असते, त्यांच्या भिंतीसाठी.

जिवाणूच्या पेशीत आत दाब फार असतो. बाहेरून भक्कम आवरण नसेल तर पेशी पाणी ओढून फुगते व फुटते. म्हणून बहुतेक जिवाणू स्वतःभोवती जाळीदार भिंत विणतात. या भिंतीत साखरेसारख्या पदार्थाचे लांब धागे असतात आणि ते धागे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांनी एकमेकांस बांधलेले असतात. बाजेची सुंभ जशी आडवी-उभी ओढून घट्ट करतात, तसेच हे काम. प्रत्येक आखूड साखळीत सुरुवातीस पाच दुवे असतात. पहिला डावा ॲलॅनिन, दुसरा उजवा ग्लुटामिक आम्लाचा, तिसरा लायसिन किंवा त्याच्या जवळच्या नात्यातील पदार्थाचा, आणि शेवटचे दोन उजवे ॲलॅनिन.

यामागे फायदा आहे. निसर्गात प्रथिने तोडणारी विकरे सर्वत्र असतात. जनावराच्या पोटात असतात, जमिनीतील इतर सूक्ष्मजीव ती सोडतात. पण ही विकरे डावे मणी तोडण्यासाठी घडलेली असतात. उजवा दुवा आला की कुलपात चुकीची किल्ली घातल्यासारखे होते. जिवाणूने भिंतीच्या सांध्यात उजवे दुवे घालून ठेवल्यामुळे ती सहजासहजी कुरतडली जात नाही.

आता अडचण अशी की पेशीत तयार होणारे ॲलॅनिन डावे असते. ते उजवे करून देणारा कारागीर पाहिजे. तोच हा ॲलॅनिन रॅसिमेज.

विकर काम कसे करते?

हे विकर वुड आणि गन्सालस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५१ साली एका स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूत दाखवून दिले. त्याची प्रत्यक्ष रचना १९९७ साली उष्ण जागी वाढणाऱ्या एका बॅसिलस जिवाणूच्या विकरावरून उलगडली. विकराच्या पोटात एक खोबण असते व तीत ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेला एक सहायक पदार्थ बसलेला असतो. ॲलॅनिन आत शिरले की हा सहायक त्याला नत्राच्या बाजूने पकडतो. पकड बसताच मधल्या कार्बनला चिकटलेला हायड्रोजन सैल पडतो.

खोबणीच्या एका अंगास विकराचा टायरोसिन हा घटक व समोरच्या अंगास लायसिन हा घटक असतो. डावे ॲलॅनिन आले की टायरोसिन आपल्या बाजूने हायड्रोजन काढून घेतो आणि लायसिन समोरच्या बाजूने दुसरा हायड्रोजन बसवितो. पावसाळी वाऱ्यात छत्री उलटी होते तेव्हा काड्या त्याच राहतात, कापड तेच राहते, फक्त झुकाव बदलतो. येथेही कार्बनचे उरलेले तीन हात असेच दुसऱ्या बाजूला झुकतात व डाव्याचे उजवे होते. एकही अणू वाढत नाही की कमी होत नाही.

हे काम दोन्ही दिशांनी चालते. उजवे ॲलॅनिन दिले तर विकर त्याचे डावेही करते आणि अखेर दोन्ही जवळजवळ सारखी होऊन थांबतात. मग जिवाणूला हवे तेवढे उजवे कसे मिळते? तळाशी नळाने जोडलेले दोन हौद डोळ्यांसमोर आणा. एका हौदातून पाणी उपसत राहिले की दुसऱ्यातील पाणी आपोआप तिकडे वाहते. भिंत बांधणारी दुसरी विकरे उजवे ॲलॅनिन सतत उचलत असतात, म्हणून डाव्याचा ओघ उजव्याकडे चालू राहतो.

काही जिवाणूंकडे या विकराची दोन जनुके असतात. आतड्यातील ई. कोलाय हा त्यांपैकी एक. त्याचे एक जनुक भिंतीसाठी नेहमीच चालू असते. दुसरे जनुक ॲलॅनिन मुबलक असेल तेव्हा जागे होते व ॲलॅनिन खाऊन ऊर्जा मिळविण्यास मदत करते. क्षयाच्या जिवाणूकडे मात्र एकच जनुक आहे, हे पुढे महत्त्वाचे ठरते.

प्रतिजैविकांचा घाव येथेच

गाय, म्हैस, शेळी व माणूस यांच्या पेशींना अशी भिंत नसते आणि त्यांच्या शरीरात ॲलॅनिन रॅसिमेजही नसते. म्हणजे या विकरावर किंवा त्याच्या पुढच्या कामावर घाव घातला तर जिवाणू मरेल आणि जनावर वाचेल. चांगल्या औषधास यापेक्षा वेगळे काय हवे?

निसर्गाने ही युक्ती आधीच शोधलेली आहे. जमिनीतील स्ट्रेप्टोमायसीस जातीचे सूक्ष्मजीव सायक्लोसेरीन नावाचा पदार्थ तयार करतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास येतो, त्यातही याच कुळातील जिवाणूंचा मोठा वाटा असतो. सायक्लोसेरीन हे दिसावयास उजव्या ॲलॅनिनसारखे असते. ते रॅसिमेजच्या खोबणीत शिरून सहायक पदार्थास चिकटून बसते व विकर बंद पाडते. दोन उजवी ॲलॅनिन जोडणाऱ्या पुढच्या विकरालाही ते अडविते. १९५० च्या दशकापासून हे औषध माणसाच्या क्षयावर वापरात आहे. साध्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी ते राखून ठेवलेले असते, कारण ते मेंदूवरही परिणाम करते व रुग्णास मानसिक त्रास होऊ शकतो.

पेनिसिलीन हे त्याच रांगेतील शेवटच्या कारागिराला पकडते. भिंतीचे धागे बांधताना एक विकर साखळीच्या टोकाचे शेवटचे उजवे ॲलॅनिन तोडते आणि त्या जागी शेजारच्या साखळीची गाठ मारते. पेनिसिलीनचा आकार या दोन उजव्या ॲलॅनिनच्या टोकासारखा आहे. विकर फसते, पेनिसिलीनला पकडते आणि मग ते सोडता येत नाही. गाठी बसत नाहीत, भिंत कच्ची राहते व वाढणारा जिवाणू फुटतो. 'वाढणारा' या शब्दाकडे लक्ष द्यावे. जिवाणू स्वस्थ बसला असेल तर तो भिंत बांधत नसतो आणि पेनिसिलीन त्याला फारसे काही करू शकत नाही.

दुभती जनावरे सांभाळणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. कासदाह झाल्यावर पशुवैद्यकाने ठरवून दिलेल्या मात्रा पूर्ण न देता, सडातील गाठी कमी दिसताच औषध थांबविण्याची पद्धत सर्रास आढळते. दोन दिवसांत वाढणारे जिवाणू मरतात, म्हणून दूध स्वच्छ दिसू लागते. कासेच्या आत दडून स्वस्थ बसलेले जिवाणू मात्र शिल्लक राहतात. महिनाभरात तेच सड पुन्हा दगडासारखे होते. वाचलेल्यांत औषध सोसू शकणारे असतील तर पुढची पिढी त्यांचीच होते. पेनिसिलीनचे तुकडे करणारे विकर काही जिवाणू तयार करतात, हे १९४० सालीच दिसून आले होते. म्हणूनच त्या विकराला दाद न देणारे क्लॉक्सासिलीन पुढे कासदाहासाठी वापरात आले. दुधाचा नमुना तपासून कोणता जिवाणू आहे व त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहिल्याशिवाय वारंवार नळ्या बदलत बसणे म्हणजे अंधारात काठी मारणे होय. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय प्रयोगशाळा असते, तिचा उपयोग करावा.

उपचाराच्या काळातील व त्यानंतर औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीतील दूध विकू नये, घरातही वापरू नये. ते डेअरीत घातले तर काय होते, याची परीक्षा घरचे विरजण करते. असे दूध नीट लागत नाही. दही लावणारे जिवाणूही भिंत असलेलेच असतात, त्यांच्या भिंतीतही उजवे ॲलॅनिन असते आणि दुधात उरलेले पेनिसिलीन त्यांनाही सोडत नाही. एका गाईचे दूध संपूर्ण टाकीतील दूध दही-चीजसाठी निकामी करू शकते.

व्हॅन्कोमायसिन हे आणखी एक औषध. बोर्निओच्या जंगलातून आणलेल्या मातीतील जिवाणूपासून ते मिळाले व १९५८ सालापासून माणसांत वापरले जाऊ लागले. ते विकराला न पकडता दोन उजव्या ॲलॅनिनच्या टोकालाच मिठी मारते आणि गाठ बसू देत नाही. अनेक वर्षे हे शेवटचे अस्त्र मानले जाई. मग काही आंत्र जिवाणूंनी टोकाचा दुवाच बदलला. उजव्या ॲलॅनिनऐवजी उजवे लॅक्टिक आम्ल बसविले आणि औषधाची पकड सुमारे हजार पटींनी ढिली पडली.

युरोपात याच्याशी शेतीचा थेट संबंध निघाला. व्हॅन्कोमायसिनचे भावंड असलेले ॲव्होपार्सिन हे औषध तेथे कोंबड्या व डुकरे लवकर वाढावीत म्हणून रोजच्या खाद्यात मिसळले जाई. ज्या फार्मवर ते वापरले, तेथील जनावरांच्या विष्ठेत व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे जिवाणू सापडले. डेन्मार्कने १९९५ साली व युरोपीय संघाने १९९७ साली त्याचा वापर बंद केला. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन या दुसऱ्या एका प्रतिजैविकाचा खाद्य देणाऱ्या जनावरांत व कोंबड्यांत वापर करण्यास बंदी घालण्यात आली, तीही अशाच काळजीपोटी. पिल्ले लवकर वजन घेतील म्हणून निरोगी कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविक मिसळणे हा माझ्या मते आजचे चार रुपये मिळवून उद्याचे औषध विकण्याचा प्रकार आहे.

भिंतच नसेल तर?

सर्वच जिवाणूंना भिंत नसते. मायकोप्लाझ्मा हे त्यांपैकी. शेळ्यांतील संसर्गजन्य फुप्फुसदाह यांच्यामुळे होतो आणि त्यावर पेनिसिलीन कितीही दिले तरी व्यर्थ, कारण घाव घालायला भिंतच नाही. पिकांतही यांचे भाऊबंद आहेत. वांग्यावरील पर्णगुच्छ व तिळावरील पर्णगुच्छ हे रोग फायटोप्लाझ्मामुळे होतात. वांग्याचे झाड बारीक पानांचा झुपका होऊन वांझ राहते, ते आपण पाहिले असेल. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी अशा रोगांचे कारण विषाणू नसून हे भिंत नसलेले जीव आहेत, असे दाखविले. तेथेही टेट्रासायक्लीनने लक्षणे दबतात व पेनिसिलीनने दबत नाहीत, हा मोठा पुरावा होता. याचा अर्थ शेतात टेट्रासायक्लीन फवारावे असा नव्हे. औषध थांबले की रोग परत येतो. रोगट झाडे दिसताच उपटून नष्ट करावीत आणि रोग पसरविणाऱ्या तुडतुड्यांचा बंदोबस्त करावा, हाच मार्ग आहे.

झोपलेले बीजाणू

ॲलॅनिन रॅसिमेजचे दुसरे एक काम भिंतीशी संबंधित नाही. माझ्या दृष्टीने तेच जास्त विलक्षण आहे.

काळपुळी अर्थात फाशी हा गुरांचा रोग बॅसिलस अँथ्रॅसिस या जिवाणूमुळे होतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जिवाणू टणक कवचाचा बीजाणू बनून झोपी जातो. बीजाणू ऊन, कोरडेपणा व साधी जंतुनाशके सहन करतो. दुसऱ्या महायुद्धात १९४२-४३ साली इंग्रजांनी स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड बेटावर या बीजाणूंची मेंढ्यांवर चाचणी घेतली. पुढे चाळीसहून अधिक वर्षे ते बेट माणसांना बंद राहिले. १९८६ साली समुद्राच्या पाण्यात फॉर्मॅल्डिहाइड मिसळून जमीन भिजविली, तेव्हा कोठे १९९० साली ते निर्धोक जाहीर झाले.

झोपलेला बीजाणू केव्हा जागे व्हायचे हे कसे ठरवितो? त्याची एक महत्त्वाची खूण म्हणजे डावे ॲलॅनिन. जनावराच्या अंगात ते व इतर पोषक पदार्थ मिळताच बीजाणू फुटून वाढू लागतो. उलट उजवे ॲलॅनिन मिळाले तर तो झोपूनच राहतो. एकाच पदार्थाचे एक रूप कोंबड्याची बांग आणि दुसरे रूप अंगाई! या बीजाणूच्या बाहेरच्या आवरणावर ॲलॅनिन रॅसिमेज चिकटलेले असते. बीजाणू तयार होतात तेव्हा आजूबाजूला मेलेल्या पेशींतून थोडेफार डावे ॲलॅनिन सांडलेले असते. त्याने फसून बीजाणू अवेळी उगवला तर उघड्यावर मरेल. रॅसिमेज त्या थोड्याशा डाव्यातील निम्मे उजवे करून टाकते आणि झोप टिकते. जिवंत जनावराच्या अंगात मात्र पोषणाचा पूर येतो, तेथे अंगाई पुरत नाही. बोंडअळीवर फवारल्या जाणाऱ्या बीटी जिवाणूच्या बीजाणूंतही हेच विकर हेच काम करताना आढळले आहे. तो याच गोतावळ्यातील.

आता फाशीने मेलेल्या जनावराबद्दलचा सल्ला आठवा. जिवाणूला बीजाणू बनण्यासाठी हवा लागते. न फाडलेल्या मृत शरीरात हवा पोहोचत नाही व जिवाणू सडण्याच्या क्रियेत बरेचसे मरून जातात. कातडे काढले, पोट फाडले किंवा नाकातोंडातील काळे रक्त जमिनीवर सांडले की त्यांना हवा मिळते आणि त्या जागी वर्षानुवर्षे टिकणारे बीजाणू तयार होतात. म्हणून जनावर अचानक मरून नैसर्गिक छिद्रांतून न गोठणारे काळपट रक्त येत असेल, तर त्याला हात लावू नये, शवविच्छेदन करू नये, कातड्याच्या चार पैशांचा मोह धरू नये. ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे. ते कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब घेऊन निदान करतात व शव जाळावे की खोल पुरावे ते सांगतात. ज्या गावांत पूर्वी हा रोग झाला आहे, तेथे पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्यावी. पाश्चरनेच १८८१ साली मेंढ्यांवर या रोगाच्या लसीचा जाहीर प्रयोग करून दाखविला होता. पुरलेल्या शवाजवळील बीजाणू गांडुळे वर आणतात, अशीही त्याची समजूत होती.

पोत्यावरील अक्षरे

आता सुरुवातीच्या पिशवीकडे वळू. मिथिओनिन कारखान्यात रसायनांपासून तयार होते, म्हणून ते निम्मे डावे व निम्मे उजवे असते. कोंबडीच्या यकृतात व मूत्रपिंडात उजव्या मिथिओनिनचा नत्राचा भाग काढून टाकणारे एक विकर असते. नंतर दुसरे विकर तो भाग डाव्या पद्धतीने परत बसविते. कोंबडीकडे रॅसिमेज नसले तरी या दोन पायऱ्यांनी तिचे काम भागते. त्यामुळे डीएल-मिथिओनिनवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

लायसिनचे तसे नाही. उजव्या लायसिनचे डावे करणे कोंबडीला जमत नाही, डुकरालाही जमत नाही. म्हणून पिशवीवर फक्त 'एल' हवे. ते बहुतांशी किण्वनाने तयार करतात. १९५० च्या दशकात जपानमध्ये सापडलेला कोरिनेबॅक्टेरियम हा जिवाणू मळी किंवा मक्याच्या स्टार्चपासून मिळालेल्या साखरेवर वाढवितात व तो फक्त डावेच लायसिन बनवून देतो. जपानमध्येच १९७० च्या दशकात दुसरीही एक रीत निघाली होती. रसायनांपासून डावे-उजवे मिश्रण बनवायचे, एका विकराने त्यातील डाव्याचे लायसिन करायचे आणि उरलेले उजवे एका रॅसिमेजच्या साहाय्याने पुन्हा डावे करून घ्यायचे. दोन हौदांची तीच युक्ती कारखान्यात आणली गेली.

तणनाशकांतही हा हिशेब आहे. ग्लुफोसिनेट अमोनिअम हे तर स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. त्याचे डावे रूप तणाच्या विकराला अडवून पानांत अमोनिया साठविते. उजवे रूप काही करीत नाही. प्रचलित द्रावणात दोन्ही निम्मे निम्मे असतात, म्हणजे तुम्ही फवारता त्यातील अर्धे तणनाशक निष्क्रिय असते. गवतवर्गीय तणांवरील काही औषधांच्या नावात 'पी' हे अक्षर येते, जसे फ्लुआझिफॉप-पी-ब्युटाइल. त्याचा अर्थ त्यात कामाचेच रूप ठेवलेले आहे. ज्यांत दोन्ही रूपे असतात, त्यांतील निकामी रूप जमिनीतील सूक्ष्मजीव पालटून कामाचे करतात, असे या गटातील काही औषधांबाबत आढळले आहे. म्हणून 'पी' असलेल्या व नसलेल्या औषधाची मात्रा सारखी समजू नये. लेबलावरील मात्राच घ्यावी.

अमिनो आम्लाच्या बाटलीबद्दल

शिवारफेरीत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न शेवटी घेतो. द्राक्ष, डाळिंब व भाजीपाल्यावर अमिनो आम्लाची फवारणी करावी का?

ही उत्पादने पिसे, केस, कातड्याचे तुकडे, मासळी किंवा सोयाबीनची पेंड यांतील प्रथिने तोडून तयार करतात. तोडण्याच्या रीती दोन. विकरांनी सावकाश तोडले तर डावी अमिनो आम्ले डावीच राहतात. तीव्र आम्लात किंवा कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कात उकळून तोडले तर काही भागाची कूस बदलते व उजवी रूपे तयार होतात. अल्कात हे प्रमाण बरेच जास्त असते. पिकाला उजव्या अमिनो आम्लाची प्रथिने बनविता येत नाहीत. उजवे ॲलॅनिन व उजवे सेरीन तर कोवळ्या रोपांची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. जमिनीत पडलेली उजवी रूपे जिवाणू खातात आणि अखेर त्यांचा नत्र पिकास मिळतो. पण मग तो नत्र युरियाच्या भावाने घ्यावा की बाटलीच्या, हा विचार आपण करावा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश केला व त्यात प्रथिनांच्या विघटनातून मिळणारी उत्पादने आणि अमिनो आम्ले हा गट ठेवला. त्यामुळे बाटलीवर घटकांचे प्रमाण काय लिहिले आहे ते पाहण्याचा व पक्के बिल मागण्याचा आपणास हक्क आहे. एकूण अमिनो आम्ले किती आणि मुक्त अमिनो आम्ले किती हे दोन आकडे वेगळे असतात, ते दोन्ही वाचावेत. प्रथिन कशाचे आहे व ते विकराने तोडले की आम्ल-अल्काने, हे विक्रेत्यास विचारावे. उत्तर मिळाले नाही तर संपूर्ण बागेवर न फवारता दोन ओळींवर फवारून शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवाव्यात, आणि घडाचे वजन तराजूवर पाहावे.